पोथीचं एकच पान

प्रश्न: आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे कार्यक्रमांचे फोटो चढवतो, नव्या पुस्तकांची यादी टाकतो. निवृत्त शिक्षक आहे, संगणक हा माझा विषय नव्हे. साइट वर्डप्रेसवर आहे. गेल्या बुधवारी ‘जागा संपत आली’ असा इशारा आला, म्हणून नातवाला बसवलं. त्याने जुनं काढतो म्हणत २०१९ सालचा फोटोंचा अख्खा फोल्डर उडवला. आमच्या व्याख्यानमालेचे सगळे फोटो त्यात होते. होस्टिंगवाल्यांना फोन केला तर म्हणाले, “रविवारचा बॅकअप आहे, सगळी साइट रविवारच्या स्थितीला नेऊन देतो.” पण सोमवारपासून आमची सभासद नोंदणी सुरू झाली आहे. चाळीसेक अर्ज साइटवरूनच आलेत, ते जातील म्हणे. मी नको म्हटल्यावर त्यांनीच सुचवलं, “मग तुम्ही एफटीपीने हवं तेवढं उचलून टाका.” हे एफटीपी म्हणजे काय? आणि एका फोल्डरसाठी सगळी साइट मागे न्यावी लागते का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर: नाही, न्यावी लागत नाही. तुमच्या बाबतीत तर ती नेऊच नका. फोटो परत मिळतील, पण चाळीस लोकांना पुन्हा अर्ज भरायला सांगावं लागेल.

जुन्या पोथ्या आठवून पाहा. त्यांना शिवण नसे. सुटी पानं, वर-खाली दोन फळ्या आणि सगळ्याला गुंडाळलेलं बासन. मधलं एखादं पान वाळवीने खाल्लं, तर दुसऱ्या कोणाच्या घरच्या पोथीवरून तेवढं पान उतरवून घ्यायचं आणि आपल्या पोथीत त्याच्या जागी सरकवायचं. अख्खी पोथी नव्याने लिहायला कोणी बसत नसे. तुमची वेबसाइटही अशीच सुट्या पानांची आहे. प्रत्येक फोटो, प्रत्येक पीडीएफ, साइट चालवणारा प्रत्येक तुकडा ही सर्व्हरवरची एक वेगळी फाइल असते. बॅकअप ही त्या पोथीची दुसरी प्रत. एफटीपी हे प्रतीमधलं पान आणून तुमच्या पोथीत ठेवणारा हात आहे, आणि तो हात ज्याचा त्याने चालवायचा असतो.

मात्र पोथीबरोबर घरात एक खातेवहीही असते. वर्डप्रेसमध्ये लेखांचा मजकूर, वाचकांच्या प्रतिक्रिया, सभासदांची नावं, कोणता फोटो कधी चढवला याची नोंद, हे सगळं डेटाबेस नावाच्या या खातेवहीत असतं. तुमच्याकडे आलेले अर्जही बहुधा तिथेच साठत असणार. एफटीपी फाइलींना हात लावतं, डेटाबेसमधल्या नोंदींना नाही. तुमच्या दृष्टीने ही मर्यादा सोयीचीच आहे. फोटोंचा फोल्डर एफटीपीने परत ठेवताना त्या चाळीस अर्जांना धक्काही लागणार नाही. होस्टिंगवाले ‘सगळी साइट’ म्हणतात तेव्हा पोथी आणि खातेवही दोन्ही रविवारची आणून ठेवतात. खातेवही रविवारची झाली की सोमवारनंतरच्या ओळी तिच्यात राहत नाहीत.

आधी नातवाला एक प्रश्न विचारा

फोल्डर नेमका कुठून उडवला? याच्या उत्तरावर पुढचं बरंच काही ठरतं.

होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून किंवा एफटीपीनेच उडवला असेल तर फक्त फाइली गेल्या. खातेवहीत त्यांच्या नोंदी जशाच्या तशा आहेत. फाइली मूळ जागी परत ठेवल्या की साइटला काही झाल्याचं कळणारही नाही. ‘अख्खा फोल्डर’ असं तुम्ही लिहिता त्यावरून तुमचं प्रकरण हेच असावं.

पण वर्डप्रेसमध्ये शिरून, माध्यम संग्रहातून एकेक फोटो निवडून ‘कायमचा काढा’ म्हटलं असेल, तर वर्डप्रेसने फाइलही काढली आणि नोंदही. अशा वेळी फाइली परत ठेवल्यावर जुन्या लेखांच्या मजकुरात बसवलेले फोटो पुन्हा दिसू लागतील, कारण लेखात त्या फोटोचा पत्ता लिहिलेला असतो आणि त्या पत्त्यावर आता फाइल सापडते. माध्यम संग्रहात मात्र ते दिसणार नाहीत. लेखाच्या माथ्यावरचं मुख्य चित्र नोंदीच्या क्रमांकावरून शोधलं जातं, त्यामुळे ती जागा रिकामीच राहील. फोटोंच्या काही गॅलऱ्यांचंही तसंच. त्यासाठी फोटोंची नव्याने नोंद करून घ्यावी लागते. ते काम करणारी प्लगइनं, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचे जादा प्रोग्रॅम, मिळतात.

आता प्रत्यक्ष काम

पहिली पायरी: आज साइट जशी आहे तशीच तिची एक प्रत घ्या. मोडलेल्या साइटची कसली प्रत, असं वाटेल. पण दुरुस्तीत हात चुकला तर निदान आजच्या स्थितीला तरी परत येता आलं पाहिजे. चाळीस अर्ज आज आहेत, रविवारच्या बॅकअपमध्ये नाहीत हे विसरू नका. होस्टिंगच्या नियंत्रण फलकावरून डेटाबेसची प्रत उतरवून घेता येते. किमान तेवढं तरी कराच.

दुसरी पायरी: रविवारचा बॅकअप तुमच्या स्वतःच्या संगणकावर उतरवा. तो बहुधा झिप किंवा टार-जीझेड अशा एकाच गठ्ठ्यात असतो. एफटीपीला गठ्ठ्याच्या आत डोकावता येत नाही. ते गठ्ठा अख्खा नेतं आणि अख्खा आणतं. म्हणून गठ्ठा घरी आणायचा, घरीच सोडायचा आणि त्यातलं हवं ते पान शोधायचं. काही होस्टिंगवाले तारीखवार बॅकअप न बांधता, उघडे फोल्डर म्हणूनच एफटीपीत दाखवतात. तसं असेल तर थेट हवा तो फोल्डर उतरवा, बाकीच्याची गरज नाही.

तिसरी पायरी: एफटीपी चालवणारा प्रोग्रॅम घ्या. फाइलझिला फुकट आहे आणि बऱ्याच वर्षांपासून लोकांच्या वापरात आहे. डावीकडे तुमचा संगणक दिसतो, उजवीकडे सर्व्हर. होस्टिंगवाल्यांकडून सर्व्हरचा पत्ता, नाव आणि पासवर्ड मागून घ्या. जोडणी झाली की उजवीकडे बहुतेक ठिकाणी ‘पब्लिक-एचटीएमएल’ नावाचा फोल्डर दिसेल. त्याच्या आत ‘डब्ल्यूपी-कंटेंट’, त्यात ‘अपलोड्स’, त्यात वर्षांचे फोल्डर आणि वर्षात महिन्यांचे. वर्डप्रेस साधारणपणे फोटो चढवल्याच्या वर्ष-महिन्यानुसार ते लावून ठेवतं. तुमचा २०१९ इथेच होता. बॅकअपमध्येही हीच वाट धरा.

चौथी पायरी: डावीकडचा २०१९ उचला आणि उजवीकडे ‘अपलोड्स’मध्ये सोडा. ‘२०१९’च्या आत चुकून आणखी एक ‘२०१९’ ठेवू नका. पानाची जागा चुकली तर पान असून नसल्यासारखं. फोल्डर अख्खाच न्या, त्यातले ‘महत्त्वाचे’ फोटो निवडत बसू नका. एक फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहान-मोठ्या अनेक प्रती करून ठेवतं, नावापुढे ३००x२२५ अशी मापं जोडून. लेखात दिसतो तो बहुधा यांतलाच एखादा. मूळ फोटो तेवढा आणला आणि त्याची धाकटी भावंडं राहिली, तर लेखातली चौकट रिकामीच दिसेल.

पाचवी पायरी: दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ताडून पाहा. फाइलझिलाच्या तळाशी ‘अयशस्वी’ नावाची यादी असते, ती रिकामी आहे ना बघा. मग ब्राउझरच्या खासगी खिडकीत साइट उघडून जुने दोन-चार लेख चाळा. नेहमीच्या खिडकीत ब्राउझर पूर्वीच साठवलेलं चित्र दाखवतो आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

आणि हो, तुमची जागा मुळातच भरत आली होती. २०१९ परत आला की तो इशाराही परत येणार. जागा अर्ध्यावर संपली तर शेवटच्या काही फाइली शून्य आकाराच्या किंवा अर्धवट राहतात. म्हणून आधी जागा करा. ती करायला फोटो काढू नका. सर्व्हरवर कुठेतरी जुन्या बॅकअपचे मोठे झिप पडलेले आहेत का ते पाहा. वर्षानुवर्षं बॅकअप प्लगइन चालू असेल तर हटकून जागा खाणारे तेच निघतात. ते घरच्या डिस्कवर उतरवा, तिथे उघडतात याची खात्री करा, आणि मगच सर्व्हरवरून काढा. हे झिप ‘पब्लिक-एचटीएमएल’च्या आत उघड्यावर पडलेले असतील, तर ज्याला त्यांचा पत्ता कळेल तो ते उतरवून घेऊ शकतो. त्यांत डेटाबेसचा पासवर्डही असू शकतो.

प्रश्न: फाइल चढवताना ‘ही फाइल आधीच आहे, काय करू?’ असं विचारून सात-आठ पर्याय देतात. दरवेळी कोणता निवडायचा?

उत्तर: इथे भलेभले चुकतात. रोजच्या कामात ‘नवी असेल तरच बदला’ हा पर्याय शहाणपणाचा वाटतो आणि असतोही. बॅकअपमधून आणताना मात्र नेमका तोच उलटा पडतो. समजा साइटचं रूप ठरवणाऱ्या थीमची एक फाइल काल कोणीतरी बिघडवली. सर्व्हरवरची बिघडलेली फाइल कालची आहे आणि बॅकअपमधली चांगली रविवारची. ‘नवी असेल तरच’ म्हटलंत तर प्रोग्रॅम इमानेइतबारे बिघडलेली फाइल जपून ठेवील आणि चांगली परत पाठवील. शिवाय काम झालं म्हणून सांगेल.

म्हणून आधी आपलं दुखणं ओळखा. फाइली गहाळ झाल्या असतील तर ‘वगळा’ निवडा. जे नाही ते येईल, जे आहे त्याला हात लागणार नाही. फाइली बिघडल्या असतील तर ‘बदला’ निवडा. ‘पुढे चालू ठेवा’ हा पर्याय अर्धवट तुटलेली चढवणी पूर्ण करण्यासाठी आहे. बिघडलेल्या फाइलीवर तो वापरला तर जुन्या फाइलीच्या शेपटीला नवीचा तुकडा जोडला जातो.

हे प्रश्न विचारतो तो तुमच्या संगणकावरचा प्रोग्रॅम. सर्व्हर स्वतः काही विचारत नाही. एफटीपीच्या नियमात ‘साठव’ या आज्ञेचा अर्थच असा, की त्या नावाची फाइल असेल तर तिच्यातलं सगळं पुसून नवं ठेवायचं. ‘पूर्ववत’ अशी आज्ञा नाही. प्रत काढायची आज्ञाही मूळ नियमात नाही.

पण नाव बदलायची आज्ञा आहे, आणि तिच्यात निम्मं शहाणपण सामावलेलं आहे. एखादं प्लगइन बिघडलं असेल, तर त्याच्या फोल्डरवर नवा फोल्डर थापू नका. जुन्याच्या नावापुढे ‘जुना’ जोडा. फोल्डर कितीही मोठा असो, हे क्षणात होतं. आता मूळ नावाचा चांगला फोल्डर चढवा. बरं वाटलं तर आठवड्याने ‘जुना’ काढून टाका. नाही वाटलं तर नावं परत अदलाबदल करा. नातवाला हे एवढं जरी शिकवलंत तरी पुढचे फोल्डर वाचतील.

प्रश्न: प्लगइनची एकच फाइल बिघडली आहे असा संशय आहे. तेवढीच आणावी का?

उत्तर: फोटोच्या बाबतीत हो, प्लगइन किंवा थीमच्या बाबतीत नको. फोटो सुटा असतो, शेजारच्या फोटोशी त्याचा संबंध नसतो. प्लगइनमधल्या फाइली एकमेकींना नावाने हाका मारतात. बॅकअप घेतल्यानंतर प्लगइन अद्ययावत झालं असेल, तर जुन्या आवृत्तीतली एक फाइल नव्या आवृत्तीत बसवणं म्हणजे वेगळ्या पाठाची पोथी आणून तिच्यातलं एक पान आपल्या पोथीत घालणं. पानाचा क्रमांक जुळतो, मजकूर जुळत नाही. हस्तलिखितं अभ्यासणारे याला पाठभेद म्हणतात आणि तळटिपेत त्याची नोंद करतात. वेबसाइट तळटीप देत नाही, पांढरा पडदा दाखवते. तेव्हा प्लगइनचा फोल्डर आणायचा तर पूर्ण आणा, तोही आजच्याच आवृत्तीचा. प्लगइन जर वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातलं असेल तर बॅकअपपेक्षा तिथून ताजी प्रत घेणं बरं.

दोन फाइली विशेष जपायच्या. ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ या फाइलीत डेटाबेसचं नाव आणि पासवर्ड असतो. बॅकअपनंतर पासवर्ड बदलला असेल तर जुनी फाइल ठेवताच साइट बंद पडेल. दुसरी टिंबाने सुरू होणारी ‘एचटी-ॲक्सेस’. टिंबाने सुरू होणारं नाव म्हणजे लपवलेली फाइल, त्यामुळे ती यादीत कदाचित दिसणारही नाही. लपलेल्या फाइली दाखवायचा पर्याय फाइलझिलात आहे. साइटचं मुखपृष्ठ उघडतं पण आतला एकही लेख उघडत नाही, अशी तक्रार असेल तर अनेकदा हीच फाइल हरवलेली असते.

प्रश्न: आमच्या मंडळाच्या साइटवर कोणीतरी घुसखोरी करून जुगाराच्या जाहिराती लावल्या. जुन्या चांगल्या फाइली एफटीपीने चढवल्या, दोन दिवसांत जाहिराती परत आल्या. असं का?

उत्तर: कारण चढवणं म्हणजे भर घालणं, साफ करणं नव्हे. घरात चोर लपून बसला असताना मोडलेलं कुलूप बदललं तर तो आतच राहतो. बॅकअपमधल्या हजार फाइली तुम्ही त्या-त्या जागी ठेवल्यात, पण घुसखोराने स्वतःहून आणून ठेवलेली हजार एकावी फाइल बॅकअपमध्ये नव्हतीच. तिच्यावर काहीच पडलं नाही, ती तशीच राहिली.

अशा वेळी वर सांगितलेला नाव बदलायचा मार्ग धरा. ‘प्लगइन्स’ आणि ‘थीम्स’ हे फोल्डर बाजूला सारा आणि त्या जागी स्वच्छ फोल्डर ठेवा. साफसफाई झाली की बाजूला सारलेले फोल्डर सर्व्हरवर ठेवू नका, कारण नाव बदललं तरी त्यातली फाइल चालू शकते. ‘अपलोड्स’मध्ये फोटो आणि पीडीएफ असायचे. तिथे पीएचपी, म्हणजे प्रोग्रॅमची, फाइल दिसली तर जवळजवळ नेहमीच ती संशयास्पद समजावी. मग सगळे पासवर्ड बदला, एफटीपीचा धरून. घुसखोर कोणत्या वाटेने आला ते शोधा. आणि बॅकअप घेतला त्या दिवशी तो आतच नव्हता ना, याचीही खात्री करा.

प्रश्न: बॅकअपमधून फोटो चढवले, पण ते फाटल्यासारखे दिसतात. काही उघडतच नाहीत. फाइलींच्या आकारातही किंचित फरक आहे.

उत्तर: एफटीपीच्या म्हातारपणाची ही खूण. विंडोज मजकुरातली ओळ संपली हे दोन खुणांनी सांगतं, लिनक्स एका खुणेने. म्हणून एफटीपीत नेआण करण्याच्या दोन पद्धती आहेत. एक मजकुरासाठी, तिच्यात ओळीअखेरच्या खुणा वाटेत बदलून दिल्या जातात. दुसरी ‘बायनरी’, तिच्यात जसं आहे तसं नेलं जातं. फोटो पहिल्या पद्धतीने गेला तर त्याच्या आत योगायोगाने आलेल्या त्याच खुणाही बदलतात आणि फोटो मोडतो. आकारातला किंचित फरक तिथलाच.

हा त्रास पूर्वी इतका होता, की पीएनजी या चित्रप्रकाराची रचना करणाऱ्यांनी प्रत्येक फाइलीच्या सुरुवातीच्या आठ बाइटांत मुद्दाम या दोन्ही प्रकारच्या ओळअखेरी घालून ठेवल्या. वाटेत कोणी खुणा बदलल्या तर चित्र उघडण्याआधीच, पहिल्या काही बाइटांत चोरी पकडली जाते. तुम्ही प्रोग्रॅममध्ये ‘बायनरी’ निवडा आणि फोटो पुन्हा चढवा.

प्रश्न: मराठी नावांच्या फाइली परत आणल्यावर ‘सापडत नाही’ असं येतं. नाव तर अक्षर न् अक्षर तेच आहे!

उत्तर: डोळ्याला तेच आहे. फाइलीचं नाव ‘दुसऱ्या दिवसाचे फोटो’ असं काही आहे का? यातला ‘ऱ’ संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा एक अंक आहे, आणि साधा ‘र’ व त्याखाली नुक्ता अशी जोडीही त्याच अक्षरासाठी मान्य आहे. दिसायला दोन्ही सारखे, पण सर्व्हरच्या लेखी ही दोन वेगळी नावं. जुन्या मॅक संगणकांवर फाइलीचं नाव साठवताना अशी अक्षरं आपोआप सुटी केली जात. गठ्ठा अशा मॅकवर सोडला आणि तिथून चढवला की ‘दुसऱ्या’ खरोखरच दुसराच होतो. ‘पायऱ्या’, ‘वाऱ्या’, ‘सातारच्या दऱ्या’ या सगळ्यांना हा धोका आहे.

झिप विंडोजवर सोडताना देवनागरी नावांची भेंडोळी झाली, हा प्रकारही होतो. तशी नावं चढवलीत तर पत्ता जुळणार नाही. त्यात देवनागरीचं एक-एक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट घेतं. लिनक्सवर नावाची कमाल मर्यादा साधारण २५५ बाइट, म्हणजे काना, मात्रा, वेलांट्या धरून ८५ चिन्हं. ‘प्रमुख पाहुण्यांचा शाल व श्रीफळ देऊन सत्कार करताना’ अशी नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तसंच लिनक्सला इंग्रजी मोठी-लहान लिपी वेगळी दिसते, विंडोजला नाही. विंडोजवर चालणारं नाव सर्व्हरवर चालेलच असं नाही.

तोडगा सोपा आहे. फोटोचं मराठी शीर्षक साइटवर हवं तितकं लांब लिहा. फाइलीचं नाव मात्र साधं, लहान लिपीतलं रोमन आणि आकड्यांचं ठेवा.

प्रश्न: एफटीपी जुनं झालं, असुरक्षित आहे असं ऐकतो. वापरावं का?

उत्तर: जुनं आहे यात शंका नाही. इंटरनेटचे नियम ज्या टिपणांतून घडत गेले, त्या मालिकेतलं ११४ क्रमांकाचं टिपण १६ एप्रिल १९७१चं आहे. तेच एफटीपीचं जन्मपत्र. ते लिहिणारे अभय भूषण मूळचे अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. आज चालतं ते रूप मुख्यतः १९८५ साली ठरलं. सुरुवातीला जाळ्यावरचे बहुतेक लोक एकमेकांना ओळखणारे होते. त्यामुळे साध्या एफटीपीत तुमचं नाव आणि पासवर्ड उघड्या पोस्टकार्डावर लिहिल्यासारखे जातात. क्रोम आणि फायरफॉक्स या ब्राउझरांनी २०२१ साली एफटीपीला रजा दिली.

पण काम तेच करणारे बंदिस्त पाकिटातले मार्ग आहेत. एक एफटीपीएस, म्हणजे एफटीपीलाच चढवलेलं कवच. दुसरा एसएफटीपी. नावात एफटीपी असलं तरी हा वेगळ्याच घराण्यातला. तो एसएसएच नावाच्या सुरक्षित जोडणीवरून चालतो. ती जोडणी १९९५ साली फिनलंडच्या तातू इलोनेन यांनी बनवली, त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. फाइलझिला तिन्ही चालवतं. होस्टिंगवाल्यांना एवढंच विचारा, “एसएफटीपी आहे का? पोर्ट कोणता?” नेहमीचा पोर्ट २२ असतो, साध्या एफटीपीचा २१.

प्रश्न: होस्टिंगवाले बॅकअप घेतातच. मग आपण वेगळा कशाला ठेवायचा?

उत्तर: १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी इमारत जळाली. काही ग्राहकांचे बॅकअपही त्याच आवारात होते. साइट आणि तिची प्रत एकदमच गेली.

त्याआधी ३१ जानेवारी २०१७च्या रात्री गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचा फोल्डर पुसला. लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबीतला नाममात्र हिस्सा उरला होता. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, वेळेला एकही धड चालली नाही. रोजचा बॅकअप बरेच दिवस होतच नव्हता, आणि तो होत नसल्याचं सांगणारी ईमेलही पोचत नव्हती. अखेर सहा तासांपूर्वी कोणीतरी दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेली प्रत उपयोगी पडली. कंपनीने ही सगळी हकीकत स्वतःच जाहीर केली, हे तिचं मोठेपण.

आणि ‘टॉय स्टोरी २’. १९९८ साली पिक्सारमध्ये कोणाच्यातरी चुकीच्या आज्ञेने चित्रपटाच्या फाइली भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट घेतलाच जात नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्र-दिग्दर्शिकेमुळे. घरी तान्हं बाळ होतं, म्हणून ती घरून काम करायची आणि एक प्रत तिच्या घरच्या संगणकावर होती.

तिन्ही ठिकाणी बॅकअपची व्यवस्था नव्हती असं नाही. होती, पण प्रत एकाच आवारात होती, किंवा बॅकअप खरंच होतो का हे कोणी तपासून पाहिलं नव्हतं. म्हणून सांगली जिल्ह्यातल्या आमच्या वाचकमित्रांना एक विनंती. फोटो परत आले की रविवारच्या बॅकअपचा तो गठ्ठा टाकून देऊ नका. वाचनालयाच्या कपाटात एका बाहेरच्या डिस्कवर ठेवा. दर तीन महिन्यांनी नवा गठ्ठा आणा आणि आणलात की त्यातला कुठलाही एक फोटो काढून उघडून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

ते काम नातवाकडे द्या. २०१९चा फोल्डरही त्याच्याच हातून परत चढवून घ्या, तुम्ही शेजारी खुर्ची टाकून बसा. कुठली फाइल कुठे राहते हे त्याला त्या एका दुपारी जेवढं कळेल, तेवढं दुसरं कोणी समजावून सांगू शकणार नाही.